शून्य–एक

नियम असा, की पांढऱ्याचं नाव आधी लिहायचं.
म्हणून लिहिलं: ग्रँडमास्टर अद्वय केळुसकर,
मग रेघ,
मग भास्कर गांगुर्डे, देवळाली कॅम्प.
शेवटची फेरी, पहिलं टेबल,
सातपूरचं मंगल कार्यालय,
खुर्च्यांच्या अंगावर अजून लग्नातले साटिनचे झगे.
बाहेर जानेवारी. निफाडला पारा पाचावर म्हणे.

एकतीस वर्षं मी नोटांच्या छापखान्यात होतो, नाशिकरोडला.
कोरे ताव मोजायचे, छापलेले ताव मोजायचे,
सुटताना खिसे उलटे करून दाखवायचे.
इथं मीच दुसऱ्यांचे खिसे बघतो:
फोन नाही, घड्याळ नाही, कानात काही नाही.
भास्करच्या खिशात निघालं सिटीलिंकचं तिकीट
आणि कागदात गुंडाळलेली आल्याची वडी.
वडी मी परत दिली.

ई-चार. ई-सहा.
मी मनात म्हटलं, अरे बाबा, आज तरी फ्रेंच नको.
यात काळ्याचा एक उंट पहिल्याच चालीला कोंडतो,
शत्रूमुळे नाही,
आपलीच प्यादी दारात आडवी बसलेली असतात म्हणून.
दहाव्या चालीला उंट जागच्या जागी.
अठराव्या चालीला जागच्या जागी.
केळुसकर उठून दुसऱ्यांचे पट बघत हिंडत होता,
कॉफीचा कप बोटात अडकवून.
मी ओळखतो ते हिंडणं.
भास्कर उठला नाही.
बरोबरीचे अकरा हजार,
जिंकला तर साठ, त्यातून टीडीएस,
त्यातून खोलीचं थकलेलं भाडं
आणि भुवनेश्वरचं जायचं-यायचं तिकीट.
पंचाला हे ठाऊक असू नये.
पण नाशिक काही एवढंही मोठं नाही.

तेविसाव्या चालीला केळुसकरनं बरोबरी देऊ केली,
हळूच, पाहुण्याला चहा विचारावा तशी.
भास्करनं नुसती मान हलवली
आणि उंट एक घर सरकवला. डी-सात.
मग ई-आठ. हे कसलं येणं, मला वाटलं,
परत आपल्याच भिंतीला पाठ लावून.
मग तिथून तिरपा,
सगळ्या घरांवरून एका दमात, एच-पाच.
आमच्या घरी म्हणतात, मोहरी काळी असो की पिवळी,
तेल तापेपर्यंत गप्पच असते.

केळुसकर खाली बसला.
नंतर उठला नाही.
घोडा त्याचा वजिराच्या पुढ्यात खिळलेला;
भास्करनं हत्ती त्यावर घालून टाकला,
परत मिळणार नाही हे ठाऊक असून,
आणि उंट घोड्याच्या जागेवर जाऊन बसला.
डीचं प्यादं निघालं.
डी-चार, डी-तीन.
डी-दोनवर थांबलं.
पुढच्या घरावर उंटाची नजर होती.

घड्याळ थांबलं. हात मिळाले.
कोणी काही बोललं नाही, केळुसकरची सही मात्र
नेहमीपेक्षा लांब आली.

हा इलेक्ट्रॉनिक पट. त्याला निकाल तोंडानं सांगत नाहीत.
पांढरा जिंकला तर दोन्ही राजे मधल्या पांढऱ्या घरांत ठेवायचे,
काळा जिंकला तर काळ्या.
भास्करनं दोघांना उचलून ठेवलं, कोपऱ्याला कोपरा लावून.
मला पंचवटी आठवली. तिथं रामही दोन,
एक काळा, एक गोरा.
भास्करची आई एकदा अर्जावर सही करता करता म्हणाली होती,
याच्या पणजोबांना काळ्यानंही आत घेतलं नव्हतं,
मग लगेच विचारलं, तारीख आजची टाकू का?

तक्त्यावर लिहिलं: शून्य, रेघ, एक.
शून्य जरा वाकडं झालं. खोडलं नाही.

जिन्यावर त्यानं वडी मोडली, अर्धी पुढे केली.
पंचानं खेळाडूकडून काही घ्यायचं नसतं.
घेतली.
तिखट होती.